पहिला रीफ टँक : ३ फुटी टाकी, पुण्याचा उन्हाळा, सामान काय आणि कुठल्या क्रमाने घ्यावं?

निळी_खिडकी
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक घरात बरीच वर्षं आहे, आता खाऱ्या पाण्याचा करायचाय आणि तोही नुसत्या माशांचा नाही तर प्रवाळ असलेला रीफ टँक. घर कोथरूडला, चौथा मजला, हॉलमधे एक भिंत मोकळी आहे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी डोक्यात आहे. परदेशी व्हिडिओ खूप बघून झाले पण प्रत्येकाची यादी वेगळी त्यामुळे गोंधळ वाढलाय. इथल्या एका दुकानदाराने दिलेली यादी अशी: टाकी, मागे टांगायचा फिल्टर, दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप), एलईडी, २०० वॉटचा हीटर, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री खडक), क्लाऊनफिशची जोडी, त्यांना राहायला ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणि एक मेंदूसारखं दिसणारं पोवळं. म्हणे सगळं एकदम घ्या, आठवड्यात सेट करून देतो. बजेट आहे पण उगाच उधळायचं नाहीये. सुरुवात कशापासून करू?

खारटपाणी
ताई आधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण या यादीत पुण्यात ज्याची सगळ्यात कमी गरज तो हीटर आहे आणि सगळ्यात जास्त गरज ज्याची ते एकही नाही. मी ठाण्यात रीफ ठेवतो, त्यामुळे आपल्याकडच्या हवेचं आणि पाण्याचंच सांगतो.

पहिली खरेदी टाकी नाही, पाणी. घरातला पिण्याचा आरओ चालणार नाही, त्यात बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो जो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो आणि वर मिनरलची कार्ट्रिज, म्हणजे पिण्याला चांगलं आणि रीफला वाईट. आपल्याला आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावलेलं युनिट, म्हणजे आरओडीआय, लागतं, ज्याच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर ० दाखवतो. नळाच्या पाण्यातलं सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट हे सगळं शेवाळाचं खाद्य आहे आणि सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर विचारायलाच नको. एकदा का हे आत गेलं की मग कितीही भारी लाइट लावा, काच तपकिरी होत राहणार. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरता येतं, ते फेकू नका.

दुसरं मोजायची साधनं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारं उपकरण) घ्या, हायड्रोमीटरच्या काट्यावर विसंबू नका, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावणाने लावून घ्या, नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य लावून भागत नाही कारण मोजायचंय ३५ च्या आसपास. क्षारता ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. टेस्ट किटमधे सुरुवातीला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी (पाण्याचा सामू स्थिर ठेवणारे कार्बोनेट) एवढ्या पुरेत. तापमानाला दोन थर्मामीटर ठेवा, एक बिघडला तर दुसऱ्यावरून कळतं.

तिसरं तापमान, पण त्याचं वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे.

बे_एरिया_बाई
हीटरबद्दल एक. मी कॅलिफोर्नियात आहे, इथे हिवाळ्यात घर १८-२० डिग्रीवर असतं म्हणून इथल्या प्रत्येक यादीत हीटर पहिल्या पाचात येतो आणि चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बऱ्याच लोकांनी बघितलेला पण नसतो. तेच व्हिडिओ बघून भारतात खरेदी केली की नको ते आधी येतं. बाकी एक चांगली गोष्ट इथून घेण्यासारखी म्हणजे फ्रॅग. इथे लोक आपल्या टाकीतलं प्रवाळ वाढलं की छोटा तुकडा कापून दुसऱ्याला देतात, त्यामुळे समुद्रातून काढलेलं घ्यावंच लागत नाही. पुण्यात, मुंबईत रीफवाले एकमेकांना ओळखत असतील तर तुम्हाला पण तसं मिळू शकेल.

अणुरेणू
तापमानावर खारटपाणी लिहितीलच, त्याआधी थोडा हिशोब. २५-२६ डिग्री हे लक्ष्य, २८ पर्यंत ठीक, ३० च्या वर सलग दिवस गेले तर प्रवाळ ब्लीच व्हायला लागतं, म्हणजे त्याच्या पेशीत राहणारी एकपेशीय शैवालं, झूझॅन्थेली, ते बाहेर टाकतं. त्याचं बरंचसं अन्न या शैवालांकडून येतं, म्हणून ती गेली की ते उपाशी राहतं. हे समुद्रात पण होतं, लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला मोठं ब्लीचिंग झालं ते पाणी तापल्यामुळेच. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे माशांनाही त्रास.

आता पंखा. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवन होतं आणि ते उष्णता घेऊन जातं. दिवसाला ४ लिटर पाणी उडालं तर साधारण ११० वॉट उष्णता सतत बाहेर काढल्यासारखं आहे, हे थोडं नाही. पण ४ लिटर उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, २०० लिटरच्या टाकीत एका दिवसात ३५ चं ३५.७ होतं, दोन दिवस लक्ष दिलं नाही तर ३६ च्या वर. म्हणून वरून भरायचं पाणी नेहमी गोडं, आरओडीआयचं. खारं पाणी फक्त बदलताना.

खारटपाणी
अणुरेणूंना अनुमोदन. आता पुणं आणि मुंबईतला फरक बघा. पुण्यात मार्च ते मे हवा कोरडी, त्यामुळे पंख्याने २-३ डिग्री आरामात उतरतात. आमच्याकडे ठाण्यात मे-जूनमधे हवा इतकी दमट की पंखा असून नसल्यासारखा. पण पुण्यात दुपारी बंद घरात खोलीच ३५ ला गेली तर पंख्याने ३२ झालं तरी आपल्याला नकोच आहे ते. तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर असाल, एसी बंद असेल, तर चिलरचं बजेट आजच बाजूला ठेवा. चिलर टाकीच्या कपाटात बंद करून ठेवायचा नाही, तो पाण्यातली उष्णता काढून खोलीतच टाकतो, त्याला मागेपुढे हवा लागते, बंद कपाटात स्वतःच्याच गरम हवेत तो थकतो. जमलं तर पाइप लांबवून बाल्कनीत, सावलीत.

आणि जे सामान पाण्यात बुडतं ते कमी वॉटचं घ्या. डीसी रिटर्न पंप (खालच्या फिल्टरच्या टाकीतून पाणी वर पाठवणारा) महाग वाटतो पण तोच प्रवाह निम्म्या विजेत देतो, वापरलेली प्रत्येक वॉट शेवटी पाण्यात उष्णता म्हणूनच उतरते, म्हणजे स्वस्त पंपाचे पैसे तुम्ही दोनदा देता, एकदा पंपाला आणि एकदा चिलरला.

फेज_न्यूट्रल
विजेचं मी लिहितो. धरून चला की पंप, वेव्हमेकर, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मिळून ४० वॉट चोवीस तास, लाइट १०० वॉट ९ तास, चिलर २०० वॉट उन्हाळ्यात १० तास. दिवसाला ३.९ युनिट झाले, महिन्याला ११५-१२०. महावितरणचा पहिला स्लॅब १०० युनिटला संपतो आणि पुढचा ३०० ला, तेव्हा घरातला सध्याचा वापर बघा, टाकीमुळे वरच्या स्लॅबमधे गेलात तर त्या स्लॅबमधल्या प्रत्येक युनिटचा दर वाढलेला असेल.

त्याहून महत्त्वाचं, खारं पाणी आणि वीज. या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच हवा, एमसीबी माणसाला वाचवायला नसतो, तो वायरिंगला वाचवतो. अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या सोसायट्यांमधे तीन पिनचा सॉकेट असतो आणि मागे अर्थची वायरच नसते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकेल, प्लगमधे जाणार नाही. स्पाइक बस्टर टाकीखाली जमिनीवर ठेवू नका, भिंतीला उंच लावा.

लाइट गेली तर सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की तासन् तास निभावतं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. शिवाय बॅटरीवरचा एअर पंप घरात एक असूच द्या.

मनीमाऊ
वाचतेय, मलाही करायचाय. एक भाबडा प्रश्न, मी बोरिवलीत राहते, समुद्र जवळ आहे, तिथलंच पाणी आणलं तर मीठ विकत घ्यायला नको ना?

वेंगुर्लेकर
नको गं ताई. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी तर पाणी इतकं गोडसर होतं की क्षारता मोजण्यात अर्थ नाही. आमच्याकडे वेंगुर्ल्याला, मालवणला पाणी कितीतरी स्वच्छ तरी जून ते सप्टेंबर गाळाने गढूळ असतं. सिंथेटिक मीठच घे, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, पिशवीवर लिहिलेलं असतं. पंप लावून एक दिवस फिरू दे आणि मग टाकीत घाल.

आता मूळ धाग्यातल्या त्या मेंदूसारख्या पोवळ्याबद्दल, कारण यावर कुणी बोललं नाही आणि माझ्या मते ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मधे २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातली सगळी, ब्रेन कोरल त्यातच येतं. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन हे पण. समुद्री घोडे पण त्याच यादीत आहेत. आपल्या समुद्रातून काढलेलं असलं काही जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, वाघाचं कातडं बाळगण्यासारखाच. परदेशी म्हणून विकत असतील तर साइट्सचा (धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना आणि आयातीचे कागद मागा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला स्वतःला पण नोंदणी करावी लागते. कागद दाखवत नसेल तर सरळ उठून यायचं. समुद्रातून उचललेला लाइव्ह रॉक म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा, तो पण नको.

मी मालवणला पाण्याखाली जाऊन बघितलंय, तिथलं प्रवाळ काही अंदमानसारखं रंगीत नाही, गढूळ पाण्यात कसंबसं टिकलेलं आहे, आणि म्हणूनच त्यातला एक तुकडा कुणाच्या हॉलसाठी निघावा हे मला सहन होत नाही. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पण प्रवाळ आहे, कोस्टल रोडच्या वेळी त्यातलं काही परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावं लागलं होतं, इतकं ते कायद्याने जपलेलं आहे.

निळी_खिडकी
बापरे. वेंगुर्लेकर दादा हे दुकानात कुणीच सांगितलं नाही. मग रीफ टँकमधे ठेवायचं तरी काय? की हा नादच सोडू?

खारटपाणी
नाद सोडायची गरज नाही, उलट नवीन माणसाने जे ठेवायला हवं तेच कायद्याच्या बाजूने पण सोपं आहे. सॉफ्ट कोरल: मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. यांना दगडी सांगाडा वाढवायचा नसतो, त्यामुळे कॅल्शियम-अल्कलिनिटीचा डोस रोज द्यावा लागत नाही, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की मिठातूनच भरपाई होते. घेताना मात्र कुणाच्या टाकीत वाढलेला फ्रॅगच घ्या आणि कुठून आला ते विचारा. पाण्यात लाटेबरोबर हलणारं लेदर कोरल बघायला जे सुख आहे ते दगडी प्रवाळात नाही, असं माझं प्रामाणिक मत.

खडक कोरडा घ्या, कृत्रिम सिरॅमिकचा मिळतो तो उत्तम. त्यात जिवाणू नसतात म्हणून सायकलला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला, वेळ लागतो, ४ ते ६ आठवडे धरा. बाटलीतले जिवाणू घाला, अमोनिया २ पीपीएमपर्यंत द्या आणि तो चोवीस तासात शून्यावर, नायट्राइट पण शून्यावर येतोय असं दिसेपर्यंत एकही मासा नको. त्यानंतर तपकिरी डायटमचा (एक सूक्ष्म शैवाल) थर येईल, सगळ्यांकडे येतो, घाबरून औषध ओतू नका, आपोआप जातो. आठवड्यात सेट करून देतो म्हणणारा माणूस मासे विकतोय, टाकी नाही.

ॲनिमोन पहिल्या वर्षात नको. तो जागा बदलत सरकतो, वेव्हमेकरमधे अडकून फाटला तर रात्रीत सगळं पाणी नासतं. क्लाऊनफिशला घरात त्याची गरज नसते, ते लेदर कोरलमधे पण घर करतात.

अणुरेणू
झोअँथिडचा उल्लेख आला म्हणून हे ठळक वाचा. काही झोअँथिडमधे, विशेषतः पॅलिथोआमधे, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हाताळताना हातमोजे आणि कापताना चष्मा. आणि तो चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर उकळतं पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. वाफेतून, तुषारातून घरातली सगळी माणसं आजारी पडल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर मशरूम आणि लेदरवर समाधान माना.

वेंगुर्लेकर
मासे पण टाकीत पैदास झालेलेच घ्या. क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) कधीच जमवलीय, ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे, आणि लक्षद्वीपला अगत्तीवर बायकांचे गट शोभिवंत कोळंबी वाढवतात. हॅचरीचा मासा दाण्यावर वाढलेला असतो, लगेच खातो. समुद्रातले काही सायनाइड मारून पकडलेले असतात, वरून धडधाकट दिसतात आणि काही दिवसांत जातात. दोन छोटे क्लाऊन घ्या, जो मोठा होईल तो मादी बनेल, जोडी आपोआप जमते.

३ फुटाला ब्लू टँग नको, त्याला ६ फुटी लागते. मँडरिन पण नको, तो जिवंत कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) खातो, नवीन टाकीत उपाशी मरतो. क्लाऊनची जोडी, एक गोबी, एक फायरफिश, बस. फायरफिश उडी मारतो, वर जाळी हवी, काच नको कारण काचेने उष्णता कोंडते.

मनीमाऊ
खूप माहितीपूर्ण धागा. लाइटबद्दल कुणी सांगाल का, ५०० वॉट लिहिलेले स्वस्त एलईडी दिसतात ऑनलाइन.

खारटपाणी
वॉटचा आकडा बघू नका, पीएआर विचारा, म्हणजे प्रत्यक्ष वाढीला उपयोगी पडणारा प्रकाश किती पोचतो. सॉफ्ट कोरलला ५० ते १५० पुरतो. दगडी फांद्यांच्या प्रवाळाला २५०-३५० लागतो, तो आपला प्रश्नच नाही, त्यामुळे सगळ्यात महागडा लाइट घ्यायची गरज उरत नाही. निळा आणि पांढरा वेगळा कमी-जास्त करता यायला हवा. ८-९ तास, पहिले काही आठवडे ४० टक्क्यांवर. उरलेले पैसे स्किमरला द्या, टाकीच्या क्षमतेपेक्षा एक आकार मोठा.

टांगायचा फिल्टर घेऊच नका, खाली संप, म्हणजे फिल्टरसाठी दुसरी टाकी, करा. स्किमर, हीटर, ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) सेन्सर सगळं खाली लपतं आणि पाण्याचं एकूण आकारमान वाढतं, जितकं पाणी जास्त तितके बदल सावकाश. ऑटो टॉप-ऑफ पुण्यात चैन नाही, गरज आहे, वरती बाष्पीभवनाचा हिशोब दिलाच आहे.

फेज_न्यूट्रल
वजनाचं कुणी बोललं नाही म्हणून. ही टाकी १९० लिटरची, संप धरून पाणी, काच, खडक, स्टँड सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जाईल. आपल्या मानकात राहत्या खोलीची फरशी चौरस मीटरला साधारण २०० किलो, खोलीभर पसरलेल्या भाराला धरून डिझाइन करतात. ३ फुटी टाकी भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवली तर सहसा अडचण येत नाही, खोलीच्या मधोमध पार्टिशनसारखी ठेवायची नाही. ४ फुटांच्या वर जायचं असेल किंवा इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

निळी_खिडकी
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री नवऱ्याबरोबर बसून पूर्ण धागा परत वाचला. आता ठरलंय ते असं. आधी आरओडीआय, रिफ्रॅक्टोमीटर आणि आरसीसीबी. मग टाकी आणि संप, कोरडा सिरॅमिक खडक, डीसी पंप, स्किमर, दोन वेव्हमेकर, ऑटो टॉप-ऑफ. सायकल चालू असताना लाइटची खरेदी, कारण तेव्हा लाइट लागतच नाही. चिलर मार्चच्या आत. पोवळ्याला त्या दुकानात नाही सांगून आले आणि कायदा पण सांगितला. शेवटचा प्रश्न, टाकी बनवणारा म्हणतो आधी साधी टाकी घ्या, ओव्हरफ्लोचं (पाणी खाली संपमधे उतरायचं) भोक नंतर घरी येऊन पाडून देतो. चालेल?

खारटपाणी
अजिबात नाही ताई, भोक टाकी जोडायच्या आधीच पाडून घ्या. भरलेल्या टाकीत भोक पडत नाही आणि टफन केलेल्या काचेला पाडायला गेलं तर अख्खी काच फुटते, म्हणून भोकाची काच साधीच आहे ना हे त्याला लिहून द्यायला सांगा. मागच्या काचेत दोन भोकं घ्या, एक मुख्य ड्रेन आणि दुसरा आणीबाणीचा, पहिल्यात गोगलगाय अडकली तर दुसरा घर वाचवतो. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली ठेवा, लाइट गेल्यावर ते उघडं पडलं की सायफन तुटतो, म्हणजे त्या पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जायचं थांबतं. तुमच्या टाकीत पातळी २ सेंटीमीटर उतरली तर साडेआठ लिटर पाणी खाली संपमधे येतं, ५ सेंटीमीटर उतरली तर एकवीस, तेव्हा संपमधे २५ लिटरची जागा कायम मोकळी राहील असा आकार सांगा. टाकी आली की गोडं पाणी भरून बाल्कनीत आठवडाभर ठेवा आणि पंप मुद्दाम बंद-चालू करून बघा. फोटो इथेच टाका, प्लंबिंगचे आधी.